टाळीच्या आधी

१

रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली की खोली कशी आहे ते कळतं. वीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या कामात काढली, त्यात एवढं एक मला नक्की समजलंय. भिंती उघड्या असतील तर टाळी त्यांच्यावर आपटत राहते. आमच्या मागच्या खोलीत ती पत्र्यावर मूठभर वाटाणे टाकल्यासारखी वाजायची.

ती खोली मी ताईसाठी गाण्याजोगी करायला घेतली. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझ्या शाळेच्या डब्यापासून तापात कपाळावर ओली घडी ठेवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. लग्न केलं नाही. गाणं शिकवत राहिली, आणि अधूनमधून स्वतः गाणी बांधत राहिली. अशी अकरा झाली होती. ती कुठेही उतरवलेली नव्हती, फक्त तिच्या गळ्यात होती. आणि आता गळ्यातच गाठ निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. बोलता येईल म्हणाले, गाण्याचं काही सांगता येत नाही म्हणाले.

त्या दिवशी ती दवाखान्यातून थेट आमच्याकडे आली. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि मग म्हणाली, "बारक्या, तेवढी अकरा गाणी उतरवून घे."

मी जिथे काम करतो तिथे यायला ती तयार नव्हती. काचेपलीकडे अनोळखी माणसं बसली की तिचा गळा मिटतो. म्हणजे घरीच करायला हवं होतं. मी आठ दिवसांची रजा टाकली आणि कामाला लागलो.

काम तसं अवघड नाही. चार फूट बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटी करायच्या, त्यात रॉकवूल भरायचं, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, आणि वरून सुती कापड ताणून मागच्या बाजूला पिना मारायच्या. चौकट भिंतीला चिकटवायची नाही, चार बोटं पुढे टांगायची. मागची पोकळीही आवाज गिळते. तळमजल्यावर एक सुतारकाका राहतात, धंदा सोडून त्यांना बरीच वर्षं झालीत. माझ्या हातातली करवत पाहून ते म्हणाले की हे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, आणि सगळ्या पट्ट्या त्यांनीच कापून दिल्या. लोकरीने माझे हात कोपरापर्यंत खाजत होते. माझे कपडे घरातल्या बाकी कपड्यांत धुवायचे नाहीत, असा बायकोने पहिल्याच दिवशी हुकूम काढला.

२

चार चौकटी लागल्या तेव्हा मी पुन्हा टाळी वाजवली आणि या वेळी मुद्रितही केली. वाटाण्यांचा आवाज जवळजवळ गेला होता. खूश होऊन मी संगणकावर तिचा आलेख उघडला.

टाळीचा आलेख म्हणजे एक उभा सुळका आणि पुढे उतरत जाणारी टेकडी. तसा तो होताच. पण सुळक्याच्या अलीकडे, अर्ध्या सेकंदावर, आणखी एक सुळका होता. अगदी बारीक, नखाएवढा.

टाळीनंतर असे बारीक सुळके असतातच, ते भिंतीवरून परत आलेले आवाज. टाळीच्या आधी काही असायचं कारण नाही. मी म्हटलं, बाहीची सळसळ असेल. मोठा करून पाहिला तर तो हुबेहूब मोठ्या सुळक्यासारखा होता, नुसता लहान. ऐकला. टाळीच होती, फार लांबून वाजवल्यासारखी.

मी वायर बदलली. दुसरा माइक लावला. कामावरच्या मित्राकडून त्याचं यंत्र आणून त्यावर करून पाहिलं. प्रत्येक वेळी टाळीच्या आधी टाळी. शेवटी मी स्वतःची समजूत घातली की खोलीचं काम अर्धवट आहे, पूर्ण झालं की हेही जाईल. न समजणाऱ्या गोष्टीबद्दल माणूस जसं स्वतःला समजावतो तसंच.

३

आठ चौकटी झाल्यावर खोली बदलली. दार लावलं की रस्ता, पंप, वरच्यांचा मिक्सर, सगळं बंद. बायको एकदा आत येऊन उभी राहिली आणि लगेच बाहेर गेली. विहिरीत उतरल्यासारखं कान दाटतात, म्हणाली.

दुपारचे तीन वाजले असतील. मी हेडफोन घातला, माइक चालू केला आणि टाळीसाठी हात उचलले. तेवढ्यात हेडफोनमध्ये टाळी वाजली.

माझे हात अजून हवेत होते.

मी थांबलो, बारा मोजले, आणि वाजवली. मग पुन्हा थोडा वेळ तसाच बसलो. कानात टाळी आली की मोजायचं आणि वाजवायचं, असं चार वेळा केलं. चारही वेळा मला वाटलं की मी माझ्या मनाने वाजवतोय. पाचव्यांदा कानात टाळी आली तेव्हा मी ठरवलं की वाजवायचीच नाही. दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसून राहिलो. आता काय करशील, असं मी त्या रिकाम्या खोलीला मनात म्हटलं. दहा झाले. अकरा झाले.

बाराला माझ्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलेली एक लाकडी पट्टी घसरली आणि फरशीवर सपाट पडली.

ती टाळी मी परत परत ऐकली. माझ्या हातांची नव्हतीच ती. पट्टीचीच होती. लक्ष देऊन ऐकलं असतं तर आधीच कळलं असतं.

काय पडलं म्हणून बायको दारात आली. मी पट्टी दाखवली. ती म्हणाली, "पट्टी पडली तर तोंड असं का केलंयस?"

मी पट्टी उचलून फरशीवर आडवी ठेवली. ताई दुसऱ्या दिवशी यायची होती.

४

ताईला खोली आवडली. मधोमध उभी राहून तिने नुसता सा लावला आणि हसली. म्हणाली, इथे आवाज माझा हात सोडून कुठे जात नाही.

मी तिच्यासमोर चार हातांवर, हेडफोन घालून बसलो होतो. त्यामुळे पहिलं गाणं मी दोनदा एकदम ऐकलं. आधी कानात बारीक, आणि बारा मोजेपर्यंत समोरून. डोकं गरगरायला लागलं, पण तासाभरात सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

दुसऱ्या गाण्यात ते सुरू झालं. कानातली ताई एका वळणावर फाटली. घोगरा, मधेच चिरलेला आणि शेवटी शीळ घातल्यासारखा आवाज आला. समोरची ताई अजून त्या वळणापर्यंत पोचायची होती. मी हात वर केला. ती थांबली.

"का रे? बरं चाललं होतं की."

पाणी पी आणि मागच्या ओळीपासून घे, असं मी सांगितलं. तिने घेतलं. या वेळी वळण स्वच्छ गेलं.

मला किती आनंद झाला ते कबूल करायला हवं. रजेचे दिवस संपत होते, शस्त्रक्रियेची तारीख जवळ येत होती, ताईचा गळा अर्ध्या तासात थकत होता, आणि माझ्या हातात असं काही आलं होतं जे जगात कुठल्याच ध्वनिमुद्रकाकडे नसेल. प्रत्येक वेळी गळा फाटायच्या आधी मी तिला थांबवत होतो. पाच दिवसांत दहा गाणी झाली, आणि आधीचा बारीक आवाज गाळल्यावर एकातही ओरखडा नव्हता. ताई म्हणायची, तुला माझा गळा माझ्याहून जास्त कळायला लागलाय.

सहाव्या की सातव्या गाण्यानंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. गाणं संपलं की आम्ही तिथेच बसून दोन घोट चहा घ्यायचो. ताई इकडचं तिकडचं बोलायची, शिकायला येणाऱ्या मुलींच्या गमती सांगायची. त्या बोलण्यात तिचा आवाज फाटत होता. घोगरा, मधेच चिरलेला, शेवटी शीळ. त्या दिवशी मी तिला तीन वेळा थांबवलं होतं, आणि चहा पिताना ती तीन वेळा फाटली. दुसऱ्या दिवशी पाच वेळा थांबवलं. मी मोजत बसलो. पाच.

टळलं काहीच नव्हतं, फक्त जागा बदलत होती. गाण्यातून काढलेलं बोलण्यात जाऊन पडत होतं.

आजारी गळा आहे, फाटणारच, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच्याही खाली एक विचार होता, तो सांगायला जीभ रेटत नाही. बोलणं काय, शस्त्रक्रियेनंतर सुधारेल. गाणं परत मिळणार नाही. तेव्हा पडू दे बोलण्यात.

५

अकरावं गाणं राहिलं. त्यात शेवटच्या कडव्यात एक वरची जागा होती, तिथे ताईला दम एकवटून जावं लागायचं. बारा सेकंदांची सूचना मला तिथे अपुरी वाटायला लागली. मी आणखी दोन चौकटी केल्या, हातभर जाड, आणि खोलीच्या दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत उभ्या केल्या. खर्जाचे आवाज कोपऱ्यांत साचतात, ते त्या गिळतात.

संध्याकाळ व्हायची होती. ताई दुसऱ्या दिवशी येणार होती. मी हेडफोन घालून बसलो, टाळी वाजवली. टाळी नुसती गेली. आधी काही नाही, नंतर काही नाही. सुटलो, असं क्षणभर वाटलं.

मग कानात ताईचं अकरावं गाणं सुरू झालं.

हे किती पुढचं आहे ते मोजायला आता काही साधन नव्हतं. मी श्वास धरून ऐकत राहिलो. ती शेवटच्या कडव्याला आली, वर चढली, आणि त्या जागेवर जे झालं त्याला फाटणं म्हणता येणार नाही. ओलं लाकूड पिळून मोडावं तसा तो आवाज होता. त्यानंतर माझा आवाज आला, घाबरलेला. "ताई. ताई, पाणी देऊ?" मग काही नाही.

मी बाहेर जाऊन चेहरा धुतला. बायकोने विचारलं, मी लोकरीची खाज म्हणालो. ताईला नको येऊ म्हणून फोन करावा असं वाटलं. पण आवाज टळत नाही हे मला ठाऊक झालं होतं. तो कधीतरी त्या खोलीत व्हायचाच होता.

मग मला ती पट्टी आठवली. टाळी माझ्या हातांनी नाही तर पट्टीने झाली होती. आवाज व्हायला हवा, कोणी करायचा याला बंधन नाही.

मी एक स्पीकर खोलीत नेला. कानात आलेलं सगळं संगणकावर मुद्रित होतच होतं. त्यातला तो मोडल्याचा तुकडा काढला, आणि भर दिवसा, दार लावून, रिकाम्या खुर्चीसमोर जमेल तेवढ्या मोठ्याने वाजवला. मग त्या खुर्चीला म्हणालो, "ताई. ताई, पाणी देऊ?" मला ओशाळल्यासारखं झालं. पण घाबरलेला आवाज मुद्दाम काढावा लागला नाही.

पुन्हा हेडफोन घातला. गाणं सुरू झालं, वर चढलं, त्या जागेवरून पक्ष्यासारखं निघून गेलं आणि समेवर येऊन थांबलं. एवढं सुंदर मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. नंतर शांतता होती, बराच वेळ. मी ती आनंदाची धरली. माणसं खूश असली की कुठे बोलतात?

६

दुसऱ्या दिवशी ताई तसंच गायली. एकदाही थांबवावं लागलं नाही. शेवटचा स्वर विरला तेव्हा मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. माझे डोळे भरले होते. ताई हसत होती. तिने माझ्याकडे पाहून काहीतरी म्हटलं.

ओठ हलले. आवाज आला नाही.

तिला वाटलं खोलीमुळे असेल. तिने छताकडे बोट दाखवलं आणि पुन्हा म्हटलं. मग हात गळ्याकडे गेला. मी दार उघडलं, तिला ओढतच बाहेर उजेडात आणलं. तिथेही तेच. कुजबुजही नाही, नुसता श्वास.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. गाठ साधी निघाली. महिन्याने डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि ते बुचकळ्यात पडले. स्वरतंतू स्वच्छ आहेत, हलतायत, आवाज यायला हवा, म्हणाले. मग त्यांनी मनावरच्या ताणाचं काही सांगितलं आणि दुसऱ्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं.

त्यानंतर ताई आमच्याकडेच राहायला आली. जवळ एक पाटी ठेवायची. एका दुपारी बायको कामावर असताना मी तिला सगळं सांगितलं. टाळी, पट्टी, चहावरचे मोजलेले आवाज, स्पीकर. मला वाटलं होतं ती विश्वास ठेवणार नाही. ती खाली बघून ऐकत राहिली. मग पाटीवर काही लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

"गाणी नीट आलीत?"

मी मान डोलावली. तिने पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, "मग आता माझ्यासाठी ऐक. मी बोलते का ते ऐक."

मी नको म्हणालो. तिने पाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि उठून गेली.

७

मी ऐकायला लागलो. रोज कामावरून आलो की तासभर. खोलीत पुढेही शांतताच होती. कधी दार उघडल्याचा आवाज, कधी माझंच खोकणं, आणि ते एक-दोन दिवसांत खरं व्हायचं. म्हणजे मी एवढंच पुढचं ऐकू शकत होतो. ताई दारात उभी राहून भुवया उंचावायची. मी नाही म्हणून मान हलवायचो.

म्हणून मी आणखी चौकटी केल्या. आधी छताला. मग दाराला आतून. मग भिंतींवर पहिल्यांच्या पुढे दुसरा थर. सुतारकाका पट्ट्या कापून द्यायचे, पण एकदा वर येऊन आत डोकावले आणि म्हणाले की इथे आता माणूस मावायचा नाही. बायको खोलीला कपाट म्हणायला लागली. माझे गुडघे समोरच्या कापडाला टेकत होते. हात लांब करायला जागा उरली नव्हती, त्यामुळे टाळी मी छातीशी वाजवायचो, आणि ती मला स्वतःलाही ऐकू यायची नाही. आत बसल्यावर स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. मी रात्रीचा नीट झोपत नव्हतो, जेवताना मधेच उठून कुठल्या फटीत लोकर कमी आहे ते बघून यायचो. बायको ताट झाकून ठेवायची.

एका रविवारी सकाळी शेवटची चौकट बसली. मी दार ओढून घेतलं, हेडफोन घातला.

बराच वेळ काही नाही. मग चौकटी सरकवल्यासारखी खरखर. कुणीतरी झाडत होतं. आणि मग ताईचा आवाज.

तिचा बोलण्याचा आवाज, जसा होता तसाच, न फाटलेला. फळीवरचा डबा जरा खाली दे, म्हणत होती. मी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबला. मला ओरडावंसं वाटत होतं, बाहेर जाऊन तिला सांगावंसं वाटत होतं, पण पुढचं सुटू नये म्हणून हललो नाही.

तिच्याशी बोलणारा आवाज माझ्या बायकोचा होता. तिने विचारलं, "ताई, ह्या काढून टाकू या का सगळ्या? किती धूळ धरतात."

"राहू देत," ताई म्हणाली. "त्याने हातांनी केल्या होत्या."

त्यानंतर दोघी काही बोलल्या नाहीत. झाडू तेवढा फिरत राहिला. मी वाट पाहिली की तिथे माझाही आवाज येईल, मी काहीतरी म्हणेन, नुसता खाकरेन. अर्धा तास बसलो. झाडणं संपलं, दार लागलं, आणि मग तिथे कुणी नव्हतं.

मी तेवढा तुकडा परत लावून ऐकला. 'होत्या' या शब्दासाठी नाही. त्याचा अर्थ मला पहिल्याच ऐकण्यात कळला होता. मी तिच्या आवाजाचं वय ऐकत होतो. माझं कामच ते आहे, आवाजावरून माणसाचं वय मला दोन-चार वर्षांच्या फरकाने सांगता येतं. म्हाताऱ्या गळ्यात एक कंप येतो, शब्दाच्या शेवटी वारा सुटतो. त्यातलं काहीही तिथे नव्हतं. बायकोच्या आवाजातही नव्हतं.

समोरच्या चौकटीचे खिळे माझ्या हाताशी होते. चार खिळे उपटले असते तर एक चौकट खाली आली असती, आणि तासाभरात सगळ्याच. मी एका खिळ्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो. चौकटी नसत्या तर तो आवाज कुठे झाला असता, की झालाच नसता, हे मला सांगता येत नव्हतं. त्या बोलण्यातून माझा भाग दुसऱ्या कशावर ढकलता येईल का, हेही पाहिलं. पण त्यात माझा भागच नव्हता. वाजवायला एक आवाजसुद्धा नव्हता.

मी अंगठा काढून घेतला.

बाहेर आलो तेव्हा ताई दारासमोरच खुर्ची घेऊन बसली होती, मांडीवर पाटी. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, ती उभी राहिली. तिने घाईने पाटीवर लिहिलं, अक्षर वाकडं आलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हणालो. "तू बोलतेस, ताई. पहिल्यासारखीच."

तिने माझा हात घट्ट धरला. तोंडावर पदर धरून जरा वेळ रडली. मग पाटी पुसली आणि एकच शब्द लिहिला.

"कधी?"

"लवकर," मी म्हणालो.